कंट्रोल-वाय दाबल्यावर ओळ कुठे गेली?

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी सी प्रोग्रॅमिंगच्या प्रॅक्टिकलला मला बबल सॉर्ट आला होता. चिठ्ठी उघडली तेव्हा हायसं वाटलं. जर्नलमध्ये तो प्रोग्रॅम तीनदा लिहून झाला होता. समोर टर्बो सीचा निळा पडदा, त्यावर पिवळी अक्षरं. दोन्ही लूप लिहून झाले, आतली अदलाबदल लिहून झाली आणि चुकून एक शब्द खोडला गेला. मी कंट्रोल-झेड दाबलं. शब्द परत आला नाही, पडदा मात्र एक ओळ सरकला. पुन्हा दाबलं, पुन्हा सरकला. म्हटलं, आता उलटं करून बघू, म्हणून कंट्रोल-वाय दाबलं. कर्सर होता ती अख्खी ओळ गायब. घाबरून आणखी दोनदा दाबलं. आणखी दोन ओळी गेल्या.

मागे उभे असलेले एक्स्टर्नल सर म्हणाले, "अनडू पण येत नाही का रे तुला?"

लॅबमध्ये दोन-चार जण हसले. मी तालुक्याच्या गावातून, मराठी माध्यमातून आलेलो. घरी कम्प्युटर नव्हता. त्या दिवशी माझी खात्री पटली की शॉर्टकट ही लहानपणापासून कम्प्युटर बघितलेल्या मुलांची आपापसातली भाषा आहे आणि ती आपल्याला कधीच नीट येणार नाही. प्रोग्रॅम पुन्हा लिहून काढला, पासही झालो, पण ते वाक्य बरीच वर्षं डोक्यात राहिलं.

आता रोज आठ-नऊ तास कोड एडिटरमध्ये जातात. ओळ वर सरकवायची, ओळीची प्रत काढायची, ओळ उडवायची, हे सगळं बोटं आपोआप करतात. मधल्या काळात हे शॉर्टकट आले कुठून याची थोडी शोधाशोध केली. तेव्हा कळलं की त्या दिवशी लॅबमध्ये माझं जे झालं, त्याची सुरुवात माझ्या जन्माच्या कितीतरी आधी झाली होती. ती गोष्ट सांगतो.

कागदावरचा एडिटर

एडिटर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पडदा येतो. पण आजच्या एडिटरांच्या या पूर्वजाला पडदाच नव्हता. १९६९च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन युनिक्स लिहीत होता. पत्नी बाळाला घेऊन काही आठवडे कॅलिफोर्नियाला गेली होती. तेवढ्या वेळात त्याने कर्नल, शेल, एडिटर आणि असेम्बलर यांना एकेक आठवडा दिला. त्यातला एडिटर म्हणजे 'ईडी'. थॉम्पसनने तो शून्यातून उभा केला नव्हता. त्याआधी बर्कलीमध्ये बटलर लॅम्पसन आणि पीटर डॉइच यांनी 'क्यूईडी' नावाचा एडिटर केला होता, त्याचं हे आटोपशीर रूप.

त्या काळी कम्प्युटरशी बोलायचं साधन म्हणजे टेलिटाइप. टाइपरायटरसारखं यंत्र, कागदाची गुंडाळी आणि खडखडाट. टेलिटाइपचं मॉडेल ३३ सेकंदाला १० अक्षरं छापायचं. शंभर ओळींचा प्रोग्रॅम, ओळीला सरासरी ३० अक्षरं, असं धरलं तर तो एकदा नुसता बघायला पाच मिनिटं लागणार. एका स्वल्पविरामासाठी पाच मिनिटं कोण थांबेल?

म्हणून 'ईडी' कामाचा हिशोब ओळीत करायचा. पाच आणि डी असं लिहिलं की पाचवी ओळ जाते. पी म्हटलं की ओळ छापून दाखवतो. एम म्हणजे ओळ हलव, टी म्हणजे ओळीची प्रत काढ, एस म्हणजे ओळीतला एक मजकूर बदलून दुसरा टाक. चूक झाली तर यंत्र फक्त एक '?' छापायचं. काय चुकलं हे सांगायला जास्त अक्षरं लागतात आणि अक्षरं महाग होती.

आज आपण ऑल्ट दाबून वरचा बाण दाबतो आणि ओळ एक पायरी वर जाते. ती 'ईडी'च्या एम या आज्ञेची नात आहे. शिफ्ट-ऑल्ट आणि खालचा बाण दाबून ओळीची प्रत काढतो, ती टीची. रोज वापरतो त्या 'ग्रेप'चं नावही इथलंच आहे. सगळ्या फायलीत अमुक नमुना शोध आणि त्या ओळी छाप, अशी 'ईडी'मध्ये एक आज्ञा होती. जी, मग रेग्युलर एक्स्प्रेशन, मग पी. ती जशी उच्चारली तसं नाव पडलं.

तीनशे बॉड

मग पडदे आले, पण तारा तेवढ्याच हळू होत्या. लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजात जॉर्ज कूलुरिस यांनी 'ईडी'वरून 'ईएम' नावाचा एडिटर बनवला. नावाचा अर्थ, मर्त्य माणसांसाठीचा एडिटर. 'ईडी' फक्त देवांनाच वापरता येतो, असा त्यातला टोमणा. १९७६च्या उन्हाळ्यात कूलुरिस बर्कलीला गेले होते. तिथे बिल जॉय नावाच्या विद्यार्थ्याने 'ईएम' पाहिला. जॉय आणि त्याचा मित्र चक हेली यांनी त्यावरून पुढे 'एक्स' केला आणि जॉयने त्याला पूर्ण पडद्यावर चालणारं रूप दिलं. ते रूप म्हणजे 'व्हीआय'.

जॉय घरून काम करायचा तेव्हा त्याच्याकडे ३०० बॉडचा मोडेम होता. म्हणजे सेकंदाला साधारण ३० अक्षरं. त्याच्या टर्मिनलच्या पडद्यावर २४ ओळी, प्रत्येकीत ८० अक्षरं, एकूण १९२० अक्षरं. पूर्ण पडदा एकदा नव्याने रंगवायला एक मिनिट चार सेकंद. म्हणून 'व्हीआय'च्या आज्ञा एक-दोन अक्षरांच्या आहेत. दोनदा डी, ओळ गेली. दोनदा वाय, ओळीची प्रत घेतली. पी, ती खाली ठेवली. डी, डी, पी असं सलग दाबलं की दोन शेजारच्या ओळींची अदलाबदल होते. आज याला कोणी जादू म्हणतं, कोणी विक्षिप्तपणा. मुळात ती काटकसर होती.

कर्सर हलवायला एच, जे, के, एल का, हेही लोक विचारतात. जॉयकडे एडीएम-३ए नावाचं टर्मिनल होतं. त्यावर बाणांच्या वेगळ्या कळा नव्हत्या. बाण छापलेले होते ते याच चार अक्षरांवर. एस्केपची कळ तिथे होती जिथे आज टॅब असते, म्हणजे करंगळीच्या शेजारी. आज आपण एस्केपसाठी हात उचलून पार वरच्या कोपऱ्यात जातो आणि 'व्हीआय'ला नावं ठेवतो. दोष एडिटरचा नाही. कीबोर्ड बदलला आणि सवय तिथेच राहिली.

ई, एस, डी, एक्स

त्याच सुमाराला, १९७८मध्ये, छोट्या कम्प्युटरांसाठी 'वर्डस्टार' आला. सेमूर रुबिनस्टाइन यांची कंपनी, प्रोग्रॅम रॉब बार्नबी यांचा. इथेही अडचण तीच, अनेक टर्मिनलांवर बाण नव्हते. बार्नबींचा उपाय वेगळा होता. कंट्रोल धरून ई दाबलं की वर, एक्स खाली, एस डावीकडे, डी उजवीकडे. कीबोर्डकडे बघा, ही चार अक्षरं मिळून डाव्या हाताखाली एक चौकट होते. पडदा एकेक ओळ सरकवायला डब्ल्यू आणि झेड. आणि ओळ उडवायला कंट्रोल-वाय.

हो, तेच कंट्रोल-वाय.

'वर्डस्टार' इतका पसरला की त्याच्या कळा लाखो टंकलेखकांच्या बोटांत बसल्या. 'गेम ऑफ थ्रोन्स'वाले जॉर्ज मार्टिन जुन्या कम्प्युटरवर 'वर्डस्टार'मध्येच लिहितात, हे त्यांनी स्वतः सांगितलं आहे. १९८३मध्ये बोरलँडने 'टर्बो पास्कल' काढलं, ४९ डॉलर ९५ सेंटला. एडिटर आणि कंपायलर एकाच ठिकाणी, तोही परवडणारा. त्याचा कंपायलर डेन्मार्कच्या अँडर्स हेल्सबर्गने लिहिला होता. एडिटरच्या कळा मात्र थेट 'वर्डस्टार'च्या ठेवल्या. गिऱ्हाइकाला नवीन काही शिकावं लागू नये, एवढा सरळ विचार. १९८७मध्ये त्याच घराण्यात 'टर्बो सी' आलं. तेच पुढे आपल्याकडच्या कॉलेजांच्या लॅबमध्ये येऊन बसलं आणि जगाने सोडल्यावरही डॉसबॉक्सच्या आधाराने बसून राहिलं.

म्हणजे बघा. मी परीक्षेत कंट्रोल-झेड दाबलं, तेव्हा एडिटरने इमानदारीने 'वर्डस्टार'चा नियम पाळला आणि पडदा सरकवला. कंट्रोल-वाय दाबलं, त्याने ओळ उडवली. अनडू तिथेही होतं, पण ऑल्ट आणि बॅकस्पेसवर. ते मला कोणी सांगितलं नव्हतं आणि जर्नलमध्ये लिहायला लावलं नव्हतं.

'मोड नकोत'

मग मी दाबलं ते कंट्रोल-झेड कुठलं होतं? ते लॅरी टेस्लरच्या घराण्यातलं.

टेस्लर १९७३मध्ये झेरॉक्सच्या पार्क या संशोधन केंद्रात आला. तिथे 'ब्राव्हो' नावाचा, काळाच्या खूप पुढचा एडिटर होता. तो करणाऱ्यांत तेच बटलर लॅम्पसन होते, 'क्यूईडी'वाले. 'ब्राव्हो'मध्येही 'व्हीआय'सारखे मोड होते. एका मोडमध्ये अक्षर म्हणजे अक्षर, दुसऱ्यात अक्षर म्हणजे आज्ञा. तिथला एक किस्सा प्रसिद्ध आहे. एखाद्याने चुकून आज्ञेच्या मोडमध्ये इंग्रजीतला 'एडिट' हा शब्द टाइप केला, तर ई म्हणजे सगळं निवड, डी म्हणजे खोड, आय म्हणजे इथे मजकूर घाल, आणि मग उरलेलं टी. अख्खं लिखाण जाऊन त्या जागी एकटं टी उभं.

टेस्लरला हे पटत नव्हतं. माणसाने आधी 'मी आता कुठल्या अवस्थेत आहे' हे आठवायचं आणि मग लिहायचं, हे त्याला माणसावर लादलेलं ओझं वाटायचं. टिम मॉटबरोबर त्याने 'जिप्सी' नावाचा एडिटर केला. त्यात मजकूर आधी निवडायचा, मग त्याचं काय करायचं ते सांगायचं. कट, कॉपी, पेस्ट ही आज आपण वापरतो ती पद्धत तिथे आकाराला आली. पुढे टेस्लर ॲपलमध्ये गेला. १९८३च्या 'लिसा' कम्प्युटरवर झेड, एक्स, सी, व्ही या कळांना अनडू, कट, कॉपी, पेस्ट ही कामं मिळाली. चारही कळा खालच्या ओळीत शेजारीशेजारी. उजव्या हातात माउस, डाव्या हाताला हे काम. टेस्लरच्या गाडीच्या नंबरप्लेटवर 'नो मोड्स' असं लिहिलेलं असायचं. १६ फेब्रुवारी २०२० रोजी तो ७४व्या वर्षी गेला. तुम्ही हे ज्या फोनवर वाचताय, त्यावर बोट दाबून धरलं की येणारा कॉपीचा पट्टा त्याच्याच वारशातला. आयफोनवर तर तो सुरुवातीला नव्हताच, २००९मध्ये आला.

आणखी एक घराणं आहे, 'इमॅक्स'चं. १९७६मध्ये एमआयटीत रिचर्ड स्टॉलमन आणि गाय स्टील यांनी ते सुरू केलं. कंट्रोल-ए ओळीच्या सुरुवातीला, कंट्रोल-ई शेवटी, कंट्रोल-के कर्सरपासून पुढची ओळ कापायची. लिनक्सच्या टर्मिनलवर हे आजही चालतं. मॅकवर साध्या मजकुराच्या चौकटीतही चालतं. तिथे टाइप करणाऱ्या बहुतेकांनी 'इमॅक्स' कधी उघडलेलंही नसतं.

एक कळ, पाच अर्थ

आता कंट्रोल-डी घ्या. 'वर्डस्टार'मध्ये ते कर्सर उजवीकडे नेतं. 'एक्लिप्स'मध्ये ओळ उडवतं. 'इंटेलिजे'मध्ये ओळीची प्रत काढतं. 'व्हीएस कोड'मध्ये निवडलेल्या शब्दाची पुढची जागा शोधून तीही निवडतं. युनिक्सच्या टर्मिनलवर, रिकाम्या ओळीवर दाबलं तर 'माझं बोलणं संपलं' असा निरोप देतं आणि खिडकी बंद होते. नोकरी बदलली, एडिटर बदलला की सुरुवातीचे काही आठवडे बोटं एक म्हणतात आणि पडद्यावर दुसरंच होतं, ते यामुळे.

ही घराणी एकमेकांपासून तुटलेलीही नाहीत. ऑल्ट आणि बाणाने ओळ हलवण्याची सोय 'एक्लिप्स'मध्ये होती, 'व्हीएस कोड'मध्येही आहे. दोन्हींच्या जडणघडणीत एरिक गॅमा हा एकच माणूस आघाडीवर होता. 'टर्बो पास्कल'वाला हेल्सबर्ग पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये गेला, आधी सी शार्प आणि नंतर टाइपस्क्रिप्ट या भाषा त्याने घडवल्या. २०१५मध्ये आलेला 'व्हीएस कोड' लिहिलाय तो टाइपस्क्रिप्टमध्ये. निळ्या पडद्यावरून निघालेला माणूस असा फिरून आपल्या आजच्या एडिटरपर्यंत पोचला आहे.

रात्रीचा सर्व्हर

टेस्लरच्या बाजूने बोलावं, असा एक प्रसंग माझ्यावरही आला. पहिल्या नोकरीत रात्री दीडला एका सर्व्हरवरची कॉन्फिगरेशन फाइल बदलायची होती. सर्व्हरवर फक्त 'व्हिम'. एक सोय बंद करायची म्हणून मी 'डिसेबल्ड' हा शब्द टाइप करायला गेलो, पण टाइपिंगच्या मोडमध्ये जायचं विसरलो. डी, आय, एस ही 'व्हिम'मध्ये एक पूर्ण आज्ञा आहे, कर्सरखालचं अख्खं वाक्य खोड. कॉन्फिगरेशन फाइलमध्ये पूर्णविराम कुठून असणार? 'व्हिम'ने पुढच्या रिकाम्या ओळीपर्यंतचा सगळा भाग वाक्य धरला आणि उडवला. मग ए म्हणजे टाइपिंग सुरू, आणि शब्दाचं उरलेलं शेपूट तेवढं पडद्यावर आलं. 'ब्राव्हो'चा किस्सा तेव्हा मला माहीत नव्हता. नंतर वाचला तेव्हा हसूही आलं आणि पोटात गोळाही.

फोनवर असलेली सीनियर ताई शांतपणे म्हणाली, "सेव्ह केलं नाहीस ना? मग एस्केप दाब. आता यू. पुन्हा यू." दोन यू, आणि सगळं परत जागेवर. मला लॅबमधले सर आठवले. प्रश्न तोच होता, अनडू येतं का. पण ती मला विचारत नव्हती, शिकवत होती.

'व्हिम'चा कर्ता ब्रॅम मोलेनार हा डच माणूस. १९८८मध्ये त्याने अमिगा कम्प्युटरवर 'व्हीआय'ची नक्कल म्हणून हे काम हाती घेतलं आणि १९९१मध्ये ते लोकांना दिलं. १९९४मध्ये तो युगांडात किबाले इथल्या मुलांच्या केंद्रात स्वयंसेवक म्हणून राहिला. एड्समुळे आईवडील गेलेली मुलं तिथे होती. तेव्हापासून 'व्हिम' फुकट आहे, पण आवडलं तर त्या मुलांसाठी काहीतरी द्या, अशी विनंती आहे. रिकामं 'व्हिम' उघडलं की युगांडातल्या मुलांबद्दलची ती ओळ दिसते. त्यातून बाहेर कसं पडायचं यावर आपण मीम बनवतो. ती ओळ मात्र मी कित्येक वर्षं नीट वाचली नव्हती. मोलेनार ३ ऑगस्ट २०२३ रोजी गेला, ६२व्या वर्षी.

प, र, क, त

हे सगळे हात अमेरिकेतले, युरोपातले आणि सगळे कीबोर्ड इंग्रजी. मी 'व्हिम'मध्ये मराठी लिहायला बसलो तेव्हा याचा अर्थ कळला. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर एच, जे, के, एल या कळांवर प, र, क, त आहेत. डीवर हलन्त आहे. मराठी लिहून झालं, एस्केप दाबलं, ओळ उडवायला दोनदा डी दाबलं, तर 'व्हिम'कडे दोन हलन्त पोचतात आणि त्याला काही कळत नाही. दर वेळी भाषा बदलायची, आज्ञा द्यायची, पुन्हा भाषा बदलायची. यावर 'लँगमॅप' नावाचा उपाय आहे. आज्ञेच्या मोडमध्ये कुठलं अक्षर कुठल्या कळेचं धरायचं, हे त्यात सांगता येतं. मी एका रविवारी बसून माझ्यापुरता तो लिहून घेतला. आता दोन हलन्त दाबले की मराठी ओळ जाते. खूप मोठं काम नाही, पण एडिटरने पहिल्यांदा माझं ऐकल्यासारखं वाटलं.

आमच्या टीममध्ये दरवर्षी दोन-तीन नवी मुलं येतात. मागच्या वर्षी एक मुलगी आली, लातूरकडची. पहिल्याच आठवड्यात तिने रीडूसाठी म्हणून कंट्रोल-वाय दाबलं. आमच्या एडिटरमध्ये त्याने ओळ उडते. तिचा चेहरा उतरला, कानाची पाळी लाल झाली. तो चेहरा माझ्या ओळखीचा होता.

मी म्हणालो, "तुझं काही चुकलेलं नाही. तू आजचं कंट्रोल-वाय दाबलंस, त्याने १९७८चं ऐकलं. आता कंट्रोल-झेड दाब."

तिने दाबलं. ओळ परत आली. मग खुर्ची ओढून मी तिला ही सगळी गोष्ट सांगितली.